मैदानावरची कव्हरं यंत्राने घालताना आणि काढताना

पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, ताडपत्री गुंडाळायच्या ड्रमची मोटर घरघरत असते आणि तरी सामना सुरू होत नाही. ताडपत्रीवर साचलेलं पाणी गुंडाळताना परत स्क्वेअरवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या खेळपट्ट्यांच्या चौकोनावर, सांडलेलं असतं. ड्रमच्या गाड्याच्या चाकांनी गोलंदाजाच्या रनअपमध्ये दोन चर पाडलेले असतात. मग भुसा आणा, वाळू आणा, कुणाला तरी पंप आणायला पाठवा, ही धावपळ सुरू होते.

ज्या क्लबने, जिमखान्याने किंवा कॉलेजने क्रिकेटच्या मैदानासाठी ताडपत्री गुंडाळायचं यंत्र घेतलं आहे, किंवा चाकांवरचं कव्हर (खेळपट्टीवर आणायचं छपराचं सांगाडं) ट्रॅक्टरने ओढायला सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बहुतेक घोळ एकाच गैरसमजातून होतात. ड्रम ताडपत्री ओढण्यासाठी आहे असं सगळे धरून चालतात. तो फक्त गुंडाळण्यासाठी आहे. पाणी आधी वेगळं काढायचं आणि ताडपत्रीला त्यानंतर हात लावायचा.

आधी हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ३० बाय २० मीटरची ताडपत्री ६०० चौरस मीटरची होते. चौरस मीटरला ५०० ग्रॅमचं पीव्हीसी कापड असेल तर तिचं कोरडं वजनच ३०० किलो भरतं. तिच्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी १२,००० लिटर. त्यातलं बरंचसं वाहून जातं. पण चौथा हिस्सा जरी खळग्यांत राहिला तरी ते तीन टन ओझं आहे. ही ताडपत्री मोटरने ओढू पाहिली तर आयलेट (कडेच्या भोकांतल्या धातूच्या कड्या) उपटतात, साखळी तुटते, नाहीतर गाडाच ताडपत्रीकडे घसरत जातो.

वाऱ्याचाही हिशेब करून ठेवा. ताशी ४० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण साडेसात किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ६०० चौरस मीटरची ताडपत्री पूर्ण फुगली तर आठ माणसांनी ती धरून ठेवणं शक्यच नाही.

## टप्पा १: हंगामाआधीची तयारी

उतार मोजा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरेशी आहे. स्क्वेअरच्या चारही बाजूंना दर पाच मीटरवर उंची घेऊन कागदावर लिहा. पाणी आपोआप कुठे जातं हे कळलं की सांडव्याची, म्हणजे पाणी सोडायची, जागा ठरते. ही जागा सीमारेषेबाहेरच्या गटाराकडे जाणारी हवी. ताडपत्रीची कड संपते तिथेच पाणी सोडलं की स्क्वेअरभोवती चिखलाचं कडं तयार होतं. नेमका तिथूनच गोलंदाज धावत येतो.

गाड्याचा रस्ता आखा. यंत्र शेडमधून स्क्वेअरपर्यंत कोणत्या वाटेने येणार हे आधी ठरवा. एकच वाट पक्की करू नका. तीन-चार वाटा ठेवा आणि आलटून पालटून वापरा, नाहीतर एका हंगामात तिथली हरळी मरून माती टणक होते. रनअपवरून कुठलीच वाट जाऊ नये.

टायर बघा. शेतीच्या ट्रॅक्टरचे खाचांचे टायर मैदानात आणू नका. रुंद, सपाट नक्षीचे आणि कमी हवेचे टायर हवेत. टायरमध्ये जितकी जास्त हवा, तितका जमिनीवर दाब जास्त. शेजारच्या शेतातून दोन टनांचा ट्रॅक्टर मागवून चाकांचं कव्हर ओढायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. कोरड्या मैदानात ती चालून जाते. काळ्या मातीच्या ओल्या आउटफिल्डवर तो ट्रॅक्टर एकदा फिरला की त्याच्या खुणा पुढे कित्येक दिवस बुजत नाहीत.

ताडपत्र्यांवर खुणा करा. प्रत्येक ताडपत्रीला क्रमांक द्या. मध्यरेषा ऑइलपेंटने आखा. वरची बाजू आणि खालची बाजू स्पष्ट लिहा. हे क्षुल्लक वाटतं, पण बाजू उलटली की मागच्या वेळचा चिखल थेट खेळपट्टीवर येतो. चारी कडांच्या दुमडीत दोर ओवलेला असावा आणि ओढ त्या दोरावर यावी. नुसत्या आयलेटला हूक अडकवला की कापड फाटतं.

ताडपत्रीला भोक पडलं असेल तर त्याच मालाचा तुकडा लावा. तुकड्याचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा गुंडाळताना सुटतो.

यंत्र तपासा. बेअरिंगला ग्रीस, साखळीवर झाकण, पुढे-मागे करायचा खटका, ब्रेक आणि तात्काळ बंद करायचं बटण हे सगळं प्रत्यक्ष चालवून बघायचं. पाऊस असताना मुख्य लाइनवरून वायर ओढून मोटर चालवू नका. बॅटरी, पेट्रोल इंजिन किंवा हायड्रॉलिक मोटर बरी. विजेशिवाय इलाजच नसेल तर ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळती-संरक्षक स्विच बसवल्याशिवाय प्लग लावू नका.

माणसं आणि कामं. गाडा चालवणारा एक, दोन्ही कडांना एकेक आणि हुकूम देणारा एक. पसरायला आणि गोण्या ठेवायला आणखी चार हवीत. आठपेक्षा कमी माणसांत हे काम करू नये असं माझं मत आहे. यंत्र आल्यावर समितीला पहिली कल्पना सुचते ती माळी कमी करायची. यंत्राने दमछाक कमी होते. माणसं दोन-तीनच कमी होतात.

हुकूम एकानेच द्यायचा. मोटरच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरवा: मूठ वर म्हणजे थांब, हात आडवा म्हणजे हळू, हात फिरवला की चालू.

> तपासणी: कोरड्या दिवशी पूर्ण सराव घ्या आणि घड्याळ लावा. सरावाला १२ मिनिटं लागली तर पावसाच्या वाऱ्यात २० धरा. पुढचा सगळा निर्णय या आकड्यावर होणार आहे.

> इशारा: खांद्यावरचा गमछा, सैल बाही, चप्पल यांना ड्रमजवळ बंदी. ताडपत्री ड्रमला जिथे भिडते तिथे हात घालून सुरकुती काढायची सवय बोटं घेऊन जाते. सुरकुती काढायची तर आधी मोटर बंद.

## टप्पा २: कधी घालायचं

हवामान खात्याचं रडारचं चित्र आणि पुढच्या काही तासांचा अंदाज सामन्याच्या दिवशी एका माणसाने सतत बघत राहावा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) तयार केलेलं दामिनी ॲप आहे, ते हुकूम देणाऱ्याच्या फोनवर हवंच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर सगळ्यांनी मैदान सोडायचं. शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं परत यायचं नाही. उघड्या मैदानात लोखंडी सांगाडा ढकलत असलेला माणूस सगळ्यात धोक्यात असतो.

एप्रिल-मे महिन्यातला वळवाचा पाऊस फसवतो. त्यात थेंबांआधी वारा येतो. धूळ उठली, हवेत गारवा आला, म्हणजे पाच-दहा मिनिटांतच झोत अंगावर असतो. त्या वेळी ताडपत्री पसरायला घेतली असेल तर उशीर झालेला आहे. झोत यायच्या आत ती दाबून ठेवलेली असली पाहिजे. सरावातला २० मिनिटांचा आकडा इथे उपयोगी पडतो: पाऊस ४० मिनिटांच्या अंतरावर दिसला की हलायला लागा.

पंचांशी आणि दोन्ही कर्णधारांशी सामन्याआधीच बोलून ठेवा. क्रिकेटच्या नियमांतला दहावा नियम खेळपट्टी झाकण्याबद्दल आहे. सामना चालू असताना संपूर्ण खेळपट्टी झाकायची की नाही हे स्पर्धेच्या नियमावलीवर ठरतं. पूर्ण झाकायची मुभा नसेल तर रनअपवरची कव्हरं पॉपिंग क्रीजच्या (फलंदाजासमोरच्या रेषेच्या) पुढे ५ फुटांपेक्षा जास्त येता कामा नयेत. नियमावली कपाटात ठेवून ऐन पावसात वाद घालण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: घालणं

क्रम असा:

१. खेळपट्टीवरचे स्टंप काढा, भुसा आणि सुटी माती झाडून घ्या. झाकणाखाली राहिलेला भुसा ओल धरून बसतो.

२. खेळपट्टीवर कोरडं, स्वच्छ गोणपाट अंथरा. ओलसर गोणपाटापेक्षा नसलेलं बरं.

३. त्यावर चाकांचं कव्हर आणा. ते खेळपट्टीच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकांकडून आणावं. चाकं २०.१२ बाय ३.०५ मीटरच्या पट्ट्याबाहेर राहिली पाहिजेत. शेजारच्या तयार खेळपट्टीवरही चाक नको. ब्रेक लावा आणि सांगाडा गोण्यांनी जखडा.

४. आता ड्रमचा गाडा. तो वाऱ्याकडच्या बाजूला आणा आणि वारा पाठीवर घेऊन उलगडत जा. वाऱ्याच्या तोंडावर उलगडलं की पहिल्याच झोतात मोकळी कड वर उठते.

५. पहिली कड जमिनीवर आली की आधी तिच्यावर गोण्या ठेवा, मग पुढचं उलगडा.

उलगडताना मोटरची गरज नसते. गिअर मोकळा ठेवून ब्रेक हलका दाबलेला हवा. ब्रेक पूर्ण सोडला की ड्रम स्वतःच्या वजनाने गरगरतो आणि ताडपत्रीचा ढीग चाकाखाली जातो. गाडा नेहमी उघड्या गवतावर मागे सरकत जावा, ताडपत्री त्याच्यासमोर पडत जावी.

ड्रमपेक्षा ताडपत्री रुंद असेल तर ती दोन्ही बाजूंनी मध्यरेषेकडे घडी घालून गुंडाळलेली असते. मधला पट्टा पूर्ण उलगडून झाल्यावर बाजूच्या घड्या उघडायच्या. आधी वाऱ्याकडची. एका वेळी दोन्ही बाजू उघडायचा उत्साह दाखवू नका.

एकाहून जास्त ताडपत्र्या असतील तर सर्वांत खालच्या उतारावरची आधी घाला, वरच्या उताराची तिच्यावर किमान एक मीटर चढवा, कौलं बसवतात तशी. उलट केलं तर सांध्यातून पाणी आत शिरतं. बाकी सगळं चोख करूनही खेळपट्टीच्या एका टोकाला ओल का आली, याचं उत्तर बहुतेक वेळा या सांध्यात सापडतं.

वजनासाठी २०-२५ किलोच्या वाळूच्या गोण्या किंवा जुने टायर वापरा. विटा, दगड, पहारी नकोत. खुंट्या ठोकायच्याच असतील तर स्क्वेअरच्या बाहेर.

> इशारा: अर्धी ताडपत्री पसरलेली असताना झोत आला तर तिच्याशी झुंजू नका. कड जमिनीवर टाका, वाऱ्याकडच्या कडेवर पाय आणि गोण्या ठेवा, वारा ओसरेपर्यंत थांबा. दोर हाताला गुंडाळून धरायचा नाही. उठलेली ताडपत्री माणसाला फरपटत नेते.

> तपासणी: सगळ्या कडांना गोण्या आहेत? सांध्यांची चढण बरोबर दिशेला आहे? गाडा मैदानाबाहेर गेला? ताडपत्रीवर गाडा उभा ठेवू नका. त्याच्या चाकाखाली खळगा होतो आणि पाणी तिथेच जमतं.

## टप्पा ४: पाऊस पडत असताना

या वेळात यंत्राला काम नाही. विजेचा धोका नसेल तर दोन माणसांनी कडेने फेरी मारावी, सरकलेली गोणी जागेवर ठेवावी, सांधा उघडला असेल तर दाबावा. ताडपत्रीवर चालायचंच झालं तर अनवाणी किंवा सपाट रबरी बुटांनी चाला. खिळ्यांचे बूट घालून गेलेला एक हौशी खेळाडू पन्नास भोकं पाडून येतो.

## टप्पा ५: पाणी काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लोक इथेच घाई करतात, कारण प्रेक्षक ओरडत असतात आणि ड्रम तयार उभा असतो.

आधी पाऊस खरोखर थांबला आहे का ते रडारवर बघा. मग सुपर सॉपर असेल तर तो ताडपत्रीवरून फिरवा. त्याचा फोमचा रोळ पाणी शोषतो आणि टाकीत पिळतो. टाकी अर्धी भरली की रिकामी करा. पूर्ण भरलेल्या टाकीचं वजन मऊ जमिनीवर, ताडपत्रीवरून का होईना, दाब देतंच. टाकी सांडव्यावरच रिकामी करायची. चाकांच्या कव्हराखालच्या खेळपट्टीवर सॉपर नेऊ नका.

सॉपर नसेल तर रुंद रबरी वायपर घेऊन चार माणसांनी एका ओळीत, उताराच्या दिशेने पाणी ढकलायचं. सगळ्यांनी एकाच दिशेला. समोरासमोर दोन गट पाणी ढकलतात तेव्हा ते मध्ये जमतं, आणि मध्ये खेळपट्टी आहे.

उरलेलं पाणी कड उलटवून काढतात. वरच्या उताराची कड सगळ्यांनी एकत्र उचलायची आणि ताडपत्रीवरूनच खालच्या उताराकडे चालत जायचं. घडीपुढे पाणी पळतं आणि सांडव्याच्या बाजूला पडतं. यासाठी ताडपत्रीवर आधी बोटभरापेक्षा कमी पाणी उरलेलं हवं. जास्त असताना कड उचलली तर पाणी माणसांच्या पायांकडे परत येतं आणि उघड्या पडलेल्या गवतावर सांडतं. उलटवलेली ताडपत्री गुंडाळण्याआधी परत सरळ करा, नाहीतर पुढच्या वेळी बाजू बदललेली असेल.

> तपासणी: गाडा आणण्याआधी त्याच्या वाटेवर टाच दाबून बघा. टाचेभोवती पाणी दिसलं किंवा खळगा तसाच राहिला, तर वाफसा आलेला नाही. गाडा अजून आणू नका. लाल मातीचं मैदान तुलनेने लवकर तयार होतं. काळ्या मातीवर घाई केली तर यंत्र रुतेल आणि ते बाहेर काढण्यातच दिवस जाईल. वाफसा येईना आणि सामना तर खेळायचाच आहे, अशा वेळी जुन्या पद्धतीने माणसांनीच ताडपत्री काढावी. यंत्र शेडमध्ये राहिल्याने कुणाची नाचक्की होत नाही.

## टप्पा ६: गुंडाळणं

क्रम घालण्याच्या उलट. आधी बाहेरच्या ताडपत्र्या, मग रनअपच्या, मग स्क्वेअरची. चाकांचं कव्हर सगळ्यात शेवटी. बाहेरच्या ताडपत्र्या हलवताना उडणारं पाणी तोवर खेळपट्टीपर्यंत पोचत नाही.

गोण्याही एकदम काढायच्या नाहीत. ड्रम जसजसा पुढे येईल तसतशा त्याच्यासमोरच्या काढा. वाऱ्याकडच्या शेवटी.

बाजूच्या घड्या मध्यरेषेकडे घाला, पहिली कड ड्रमच्या खाचेत किंवा पट्ट्यांत अडकवा, दोन-तीन वेढे हाताने द्या. वेढे सरळ बसले की मग मोटर.

आता तो गैरसमज. गाडा एका जागी उभा करून मोटर चालू केली की ३० मीटर कापड गवतावरून घासत येतं. खालच्या बाजूला चिखल आणि कापलेलं गवत चिकटतं, कापड झिजतं, हरळी उपटते. त्याऐवजी गाडा ताडपत्रीकडे चालत जायला हवा आणि ड्रमने कापड जागच्या जागी उचलत जायला हवं. ताडपत्री जमिनीवर सरकताना दिसली की समजा, गाडा मागे पडतो आहे.

चालवणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. २० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम सुरुवातीला एका फेऱ्यात ६३ सेंटिमीटर कापड घेतो. गुंडाळी ३० सेंटिमीटरची झाली की तोच फेरा ९४ सेंटिमीटर घेतो. मोटरचा वेग तोच ठेवला तर शेवटाकडे ड्रम कापड हिसकायला लागतो. म्हणून शेवटच्या तिसऱ्या भागात मोटर हळू करा. कडेच्या दोघांनी या वेळी जास्त सावध राहायचं.

गुंडाळी शंकूसारखी एका बाजूला सरकत गेली तर कारणं तीनच. पहिले वेढे तिरके बसले, एका बाजूच्या घडीत पाणी राहिलं, किंवा ड्रमचा नळ मध्ये वाकला. ओढून सरळ होईल या आशेवर पुढे जाऊ नका. थांबा, तीन-चार वेढे सोडा, परत बसवा. नळच वाकला असेल तर तो बदलल्याशिवाय इलाज नाही.

गाडा भरला की रिकाम्यापेक्षा ३०० किलो तरी जड झालेला असतो. आलेल्या वाटेने परत न्यायचा नाही. दुसऱ्या वाटेने न्या, आणि वळण स्क्वेअरपासून दूर घ्या. जागेवरच चाकं फिरवली की हरळी सोलून निघते.

> तपासणी: स्क्वेअरच्या चारही कडांना हात लावून बघा. पाणी कुठे मुरलं असेल ते चाकांचं कव्हर हलवण्याआधी कळायला हवं.

## टप्पा ७: खेळपट्टी उघडणं

चाकांचं कव्हर हलवण्याआधी त्याच्या छपरावरचं पाणी कपड्याने पुसा. पहिला धक्का बसताच पन्हळीतलं उरलेलं पाणी बरोबर गुड लेंग्थवर, म्हणजे चेंडू टप्पा घेतो तिथे, पडतं. कव्हर हळू, सरळ रेषेत बाहेर काढा. ट्रॅक्टरने ओढत असाल तर पहिले दोन मीटर माणसांनी ढकलावं आणि मग जोडणी करावी. झटका बसला तर सांगाडा वाकडा होऊन चाक खेळपट्टीवर चढतं.

गोणपाट लगेच उचला. पाऊस आत न शिरताही ते दमट झालेलं असतं. झाकलेल्या जमिनीतून वाफ निघते आणि थंड ताडपत्रीच्या खालच्या बाजूला तिचे थेंब होतात. म्हणूनच सामन्यादरम्यान रात्रभर झाकलेली खेळपट्टी सकाळी शक्य तितक्या लवकर उघडायची, असं दहावा नियमही सांगतो. दिवसा पाऊस थांबला आणि परिस्थिती परवानगी देते तेव्हाही तेच.

ऊन असताना जमिनीला चिकटलेली ताडपत्री तशीच ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पुन्हा पडेल, असू दे, म्हणून ती दोन-तीन दिवस ठेवली जाते. खाली उष्णता आणि दमटपणा कोंडतो, हरळी पिवळी पडते आणि बुरशी धरते. पुन्हा सरी येण्याची शक्यता असेल तर सपाट ताडपत्री काढा, नुसतं चाकांचं कव्हर ठेवा आणि त्याची दोन्ही टोकं उघडी ठेवा. हवा खेळली पाहिजे.

जून ते सप्टेंबर मात्र पूर्ण मोसम झाकून ठेवायच्या फंदात कुणी पडू नये. स्क्वेअरला पाऊस आणि हरळीला वाढ लागतेच. मुंबईत १९४८ पासूनची कांगा लीग तर ऐन पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवरच चालते, आणि फलंदाजांची परीक्षा तिथेच होते.

## टप्पा ८: वाळवणं आणि ठेवणं

ओली गुंडाळी ड्रमवर ठेवायची नाही. सामना सुरू झाला की सीमारेषेबाहेर, डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर ताडपत्री पसरा. खालची बाजू आधी वर करून पाण्याने धुवा, मग वाळवा. डिटर्जंट नको, ब्रशही मऊ केसांचा. ऊन कडक असेल तर दोन्ही बाजू कोरड्या झाल्या की लगेच उचला. दिवसेंदिवस उन्हात राहिलेली ताडपत्री कडक होऊन घडीवर तडकते.

हंगाम संपल्यावर ड्रमचा गाडा जमिनीपासून उचलून टेकूंवर ठेवा, म्हणजे टायरवर कायमचा भार राहत नाही आणि उंदरांना खालून सहज शिरता येत नाही. गोणपाट वेगळं, लोखंडी पेटीत. पेट्रोलची टाकी रिकामी करा, बॅटरी काढून चार्ज करून ठेवा. फाटलेल्या ताडपत्रीचा क्रमांक आणि भोकाची जागा तेव्हाच वहीत लिहा. नवीन तुकडा फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत लावून झाला पाहिजे, कारण पहिल्या अवकाळी सरी मार्चमध्येही येतात.